मॅडमना न आवडलेलं जेल

मॅडमनी माझं सहा वर्षांचं संशोधन चाटूनपुसून खाल्लं, तेव्हा पराते सर शांतपणे चष्म्याची काच पुसत होते.

"सर," मी म्हटलं, "बघा ना."

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि भिंतीवरच्या पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर पिंजऱ्याच्या आतलं चित्र दिसत होतं. गुंगीतून नुकत्याच जाग्या झालेल्या मॅडम पुढचा डावा पाय पसरून बसल्या होत्या आणि डोळे अर्धवट मिटून, अगदी तब्येतीत, पायावरची जखम चाटत होत्या. त्या जखमेत आम्ही सकाळी भरलेल्या औषधी जेलपैकी आता मिशांना लागलेलं तेवढंच शिल्लक होतं. मग त्यांनी जीभ फिरवून मिशाही साफ केल्या.

"हे तर जेवण झालं ना बाप्पा!" डॉक्टर डोंगरवार म्हणाले. "आम्ही कोंबडी टाकतो तर नाक मुरडते, अन् तुमचं औषध पाहा कसं मन लावून खाल्लं. ताई, मीठ-मिरं टाकलं होतं का त्याच्यात?"

मी वहीतली सकाळची नोंद खोडली.

मॅडम म्हणजे एक बिबट मादी. कुणीतरी रानडुकरासाठी लावलेल्या तारेच्या फासात तिचा पाय अडकला होता आणि सुटायच्या धडपडीत ती तार मांसात खोल रुतली होती. नागपूरबाहेर जखमी वन्यप्राण्यांचं एक उपचार केंद्र होतं, तिथे तिला आणलं होतं. डोंगरवार तिथले पशुवैद्य. ज्या जनावराला परत जंगलात सोडायचं, त्याला नाव ठेवायचं नाही, हा त्यांचा नियम होता. "नाव ठेवलं का जीव लागते," असं ते सांगायचे. म्हणून सगळे तिला नुसतं मॅडम म्हणत. आता, पिंजऱ्यासमोर उभं राहून रोज "मॅडम, जेवण पाठवू का?" असं विचारणाऱ्या माणसाचा जीव लागलेला नाही, यावर कुणाला विश्वास ठेवायचा असेल तर त्याने ठेवावा.

जखम चिघळत चालली होती. ती हाडापर्यंत पोचली की पाय कापावा लागणार होता. तीन पायांच्या बिबट्याला शिकार साधत नाही. म्हणजे उरलेला जन्म पिंजऱ्यात, लोकांनी टाकलेल्या कोंबडीवर. मॅडम तर आत्ता कुठे वयात आल्या होत्या. औषध रोज अंगात जायला हवं होतं, पण द्यायचं कसं? मांसात लपवलेल्या गोळ्या त्या इतक्या सफाईने बाजूला काढत की पोह्यांतल्या मिरच्या वेचणारी माणसं लाजली असती. लांबून फुंकणीने सुई मारली तर त्या गजांवर धडका घेत आणि शिवलेली जखम पुन्हा उसवे. रोज गुंगी द्यावी, तर आधीच अशक्त झालेलं काळीज बंद पडायची भीती.

अशा वेळी डोंगरवार आमच्या औषधनिर्माण महाविद्यालयात व्याख्यानाला आले होते. व्याख्यानानंतर चहा घेताना पराते सरांनी त्यांची आणि माझी ओळख करून दिली. सर माझे मार्गदर्शक. त्यांनी ओळख करून दिली म्हणजे "हेमांगी" एवढं म्हटलं, आणि मग माझ्या कामाबद्दल मलाच सांगावं लागलं.

माझं जेल म्हणजे अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन. पाणी धरून ठेवणारी त्याची थरथरती वडी करता येते, पण नुसत्या प्रथिनाची वडी फार लेचीपेची. बोट लावलं की फाटते आणि आतलं सगळं औषध एकदम सांडून मोकळी होते. आमच्या धानपट्ट्यात भिंतीच्या मातीत धानाचा पेंढा, तणस, मिसळतात, म्हणजे भिंत तडकत नाही. तसेच मी या वडीत एका मातीचे नॅनोकण मिसळले होते. साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे हे कण मिसळल्यावर जेल ताणलं तरी तुटेना. शिवाय औषध त्या कणांना बिलगून राही आणि थोडं थोडं पाझरे. एकदा जखमेत भरलं की पंधरवडाभर काम चाले, आणि शेवटी जेल अंगातच विरघळून जाई.

"म्हणजे एकदाच गुंगी द्यायची, भरायचं, अन् पंधरा दिवस तिच्या वाटेले जायचंच नाही?" डोंगरवारांचा चहा तसाच राहिला. "सर, तुम्ही होते कुठं बाप्पा आतापर्यंत?"

सरांनी बराच वेळ विचार केला. "प्रयोगशाळेत," ते म्हणाले.

सरांचं असंच असे. औषध हळूहळू सोडण्यात माझं जेल तरबेज असेल, पण शब्द हळूहळू सोडण्यात सरांचा हात धरणारं आमच्या विद्यापीठात कुणी नव्हतं.

मग परवानग्या आल्या, तारीख ठरली, जेल भरलं आणि मॅडमनी ते खाल्लं.

आम्ही ते जेल आम्लात बुडवून पाहिलं होतं, खाऱ्या पाण्यात भिजवून पाहिलं होतं, यंत्रात धरून ताणलं होतं. सशांच्या जखमांवरही लावून पाहिलं होतं. पण ससे पडले शाकाहारी, आणि त्यांच्या जखमा होत्या पाठीवर, जिथे जीभ पोचत नाही. मांस खाणाऱ्या जनावरापुढे आपण अंड्याची वडी वाढून ठेवतो आहोत, हे एका डॉक्टरेटच्या आणि एका होऊ घातलेल्या डॉक्टरेटच्या डोक्यात आलं नव्हतं.

"चव," पडद्याकडे बघत सर शेवटी म्हणाले, "हा निकष आपण धरला नव्हता."

"गळ्यात शंकूसारखा पट्टा घालतात ना कुत्र्यांच्या, चाटू नये म्हणून?" मी विचारलं.

"घालतात. तुम्ही घालून दाखवा मॅडमले, मी फोटो काढतो."

"मग वरून तिखट काहीतरी?"

"जखमेत तिखट? ताई, दुश्मनी आहे का?" डोंगरवार हसले आणि मग त्यांचं हसू गेलं. खुर्ची ओढून ते आमच्यासमोर बसले. "आता सरळ सांगतो. अजून एकदा गुंगी देईन. याच आठवड्यात, जखम हाडात उतरायच्या आत. त्याच्यानंतर तिच्या काळजाची हमी मी घेत नाही. तेव्हाही खाल्लं, तर मग पाय काढाच लागन."

परतताना गाडीत गावाची वेस आल्यावर सर म्हणाले, "अंड्याऐवजी सोयाबीन..." आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळून टाकलं. माझं घर आलं तेव्हा मी उतरले आणि नमस्कार करायचाही विसरले.

घरी वेगळंच औषध वाटणं चाललं होतं. स्वयंपाकघरात सासूबाई पाट्यावर कडुलिंबाचा पाला वाटत बसल्या होत्या. माझा ओजस दोन वर्षांचा व्हायला आला होता आणि अजून अंगावर पीत होता. ते सासूबाईंना मान्य नव्हतं, आणि त्यांच्यामुळे अख्ख्या गल्लीला मान्य नव्हतं.

"आली का? हे घे," त्यांनी हिरव्या गोळ्याची वाटी पुढे सरकवली. "आज लावून टाक. एकदा कडू लागलं का पुन्हा तोंड नाही लावत पोरगं."

"आई, नको ना. बिचारा..."

"बिचारा कायचा? चावते अन् वरून हसते. तुले कामावर जाणं आहे, फिरणं आहे. कधी ना कधी तोडाच लागन."

त्यांचं खोटं नव्हतं. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे मिशा साफ करणाऱ्या मॅडम होत्या, आणि कुणाचंच काही तोडायची मला इच्छा नव्हती. विषय बदलावा म्हणून मी विचारलं, "यांना लावलं होतं का तुम्ही?"

सासूबाईंचा वरवंटा थांबला. "सुबोधची गोष्ट नको काढू."

"काऊन?"

"अगं, लावलं ना. त्यानं तोंड वाकडं केलं, रडला, अन् पुन्हा आला. पुन्हा तोंड वाकडं केलं, पुन्हा आला. चाटून चाटून कडू संपवलं मेल्यानं, मग आरामात प्यायला. मलेच हसू आलं." त्या आताही हसत होत्या. "वरच्यावर लावलेलं टिकून टिकून किती टिकते?"

मी तशीच उभी राहिले. वरच्यावर लावलेलं टिकत नाही, हे खरंच. पण माझं सगळं शिक्षणच मुळी वरच्यावर न लावता आत कोंडून ठेवायचं होतं. औषध जर कणांना बिलगून पंधरा दिवस पुरतं, तर कडूपणा का पुरू नये? चाटला की नवा पाझरेल, पुन्हा चाटला की पुन्हा नवा.

मी वाटी उचलली आणि चपला पायात सरकवल्या.

"अगं, पोरगं आत झोपलं आहे, तू कुठं निघाली वाटी घेऊन?"

"बिबट्याला लावते, आई!"

दाराबाहेर पडता पडता मला ऐकू आलं, त्या शेजारच्या काकूंना सांगत होत्या, "म्हणलं होतं मी सुबोधले, इतकी शिकलेली नको करू."

सर प्रयोगशाळेतच होते, डबा खात. मी धापा टाकत सगळं सांगितलं, सुबोधच्या पराक्रमासकट. सरांनी पोळीचा घास पूर्ण चावला, पाणी प्यायले, डबा बंद केला.

"एका वेळी एकच बदल," ते म्हणाले.

हे वाक्य म्हणजे सरांचा गायत्रीमंत्र. सहा वर्षांत मी ते इतक्या वेळा ऐकलं होतं की ओजसला झोपवतानाही माझ्या तोंडून निघे. पाण्याचं भांडं बदललं तरी सर आधीचे सगळे प्रयोग नव्याने करायला लावत. आणि इथे मी पाट्यावरून थेट आणलेला पाला घेऊन उभी होते.

"सर, पाय जाईल तिचा."

ते वाटीकडे बघत राहिले. मग त्यांनी बाह्या दुमडल्या. "रस कर," ते म्हणाले, "आणि कुणाला सांगू नकोस."

पहिला प्रयत्न फसला. कडुलिंबाचा रस पडताच प्रथिन नासलेल्या दुधागत फाटलं. मी ती बशी घेऊन रडवेली झाले. सर मात्र, का कोण जाणे, खुलले होते. माणसाने इतकी वर्षं नियम पाळला की तो मोडायला अशी मजा येत असावी.

"रस प्रथिनात घालायचाच नाही," ते म्हणाले. "गाळून, आटवून, तो आधी नॅनोकणांना पाजायचा. ते पिऊन घेतील आणि धरून ठेवतील. मग ते कण जेलमध्ये. तेही फक्त वरच्या थरात. खालच्या थरात औषधाचे कण, जसे होते तसे."

इतकी लांब वाक्यं सरांच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होते. या वेळी जेल फाटलं नाही. फिकट हिरवी, घट्ट वडी तयार झाली. बिबट्याची जीभ कानशीसारखी असते म्हणून आम्ही तिला ओल्या पॉलिशपेपरने घासून पाहिलं; वडी टिकली.

"आता कडूपणा किती, हे मोजायचं," सर म्हणाले. "त्याचं यंत्र आपल्याकडे नाही."

"मग?"

"जीभ आहे."

मी हात पुढे केला, तसा त्यांनी चमचा बाजूला घेतला. "तुझी नको. तुझं बाळ अंगावर पितं." आणि ज्या माणसाने प्रयोगशाळेत शेंगदाणा खाल्ला म्हणून एका विद्यार्थ्याला महिनाभर दाराबाहेर ठेवलं होतं, त्याने औषध न घातलेली एक वडी उचलून स्वतःच्या जिभेवर ठेवली. सरांच्या चेहऱ्यावर मी तोपर्यंत दोनच भाव पाहिले होते. त्या दिवशी आणखी पाच-सहा पाहिले.

"पुरेसं?" मी भीत भीत विचारलं.

"अति," सर म्हणाले. "छान."

दोन दिवसांनी मॅडमना दुसऱ्यांदा, म्हणजे शेवटच्यांदा, गुंगी दिली. डोंगरवारांनी जखम धुतली आणि पाय मला धरायला सांगितला. जिवंत बिबट्याचा पंजा मी पहिल्यांदाच हातात घेत होते. नखं आत ओढलेली, तळव्याची गादी मऊ आणि ऊन, ओजसच्या टाचेसारखी. मला एकदम भरून आलं. हिने माझं काय वाकडं केलं होतं म्हणून हिला आता कडू भरवते आहे, असं काहीतरी वेड्यासारखं मनात आलं. दोन्ही हातांत मोजे होते, त्यामुळे डोळे पुसता येईनात.

"नाक ओढा पण हात हलवू नका," डोंगरवार हळूच म्हणाले.

मग पुन्हा तीच खोली, तोच पडदा. मॅडम उठल्या, डुलल्या, बसल्या. पाय पसरला. मागचा पाहुणचार लक्षात असावा, कारण त्यांनी वास घ्यायचीही तसदी घेतली नाही, थेट जीभ लावली.

जीभ तशीच बाहेर राहिली. कान मागे गेले. मान झटकली, पुन्हा झटकली, आणि मग थेट कॅमेऱ्याकडे असं पाहिलं की मी खुर्चीत मागे सरकले.

"शिव्या देऊन राहिली तुम्हाले," डोंगरवार कुजबुजले.

मॅडम पुन्हा वाकल्या. पुन्हा चाटलं. माझ्या डोळ्यांपुढे माझा नवरा आला. तोंड वाकडं केलं, पुन्हा आला. चाटून चाटून संपवलं मेल्यानं. त्यांनी तिसऱ्यांदा जीभ लावली तेव्हा मी सरांची बाही घट्ट धरली होती आणि सरांनी ती सोडवली नव्हती. मग मॅडम उठल्या, तीन पायांवर लंगडत पाण्याच्या टाकीपाशी गेल्या, लपलप पाणी प्यायल्या आणि आमच्याकडे पाठ करून बसल्या. दुपार टळेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या.

"रुसल्या," डोंगरवार म्हणाले आणि त्यांनी चक्क हात जोडले. "रुसा मॅडम, महिनाभर रुसा."

पण कडूपणा टिकणार किती दिवस, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तपासायला वेळच मिळाला नव्हता. यावर सरांनी एक तोड काढली होती, आणि ती मला डोंगरवारांच्या खोलीतून बाहेर पडताना कळली. सरांनी खिशातून डबी काढली, तिच्यातली त्याच घाण्यातली, औषध न घातलेली वडी गालात ठेवली आणि म्हणाले, "हिच्या जेलचा कडूपणा संपायच्या आधी माझ्या वडीचा संपायला हवा. मी दिवसभर चाटणार. कळवीन."

त्यानंतरचे दिवस आमच्या महाविद्यालयात अजून आठवले जातात. पराते सर गालात काहीतरी धरून हिंडतात, अधूनमधून तोंड वेडंवाकडं करतात, आणि जेवायच्या वेळी ते डबीत काढून ठेवतात. आता नागपुरात माणूस गालात काही धरून हिंडला की त्याचा एकच अर्थ होतो. सरांनी या वयात तंबाखू-सुपारीचा खर्रा सुरू केला, ही बातमी मुलांच्या वसतिगृहापासून ग्रंथालयापर्यंत पोचली. प्राचार्यांनी तर त्याच महिन्यात परिसर खर्रामुक्त करायची शपथ घेतली होती. भर बैठकीत ते कळवळून म्हणाले, "पराते, तुम्हीसुद्धा?"

सरांनी वडी रुमालावर काढली आणि त्यांच्यापुढे धरली. "प्रथिन आहे," ते म्हणाले. "घेता?"

प्राचार्यांनी घेतली नाही.

रोज संध्याकाळी डोंगरवारांचा फोन येई. "काय म्हणतात सर?"

"कडू आहे."

"इकडेही कडू आहे. आज एकदाच चाटलं अन् टाकीवर पळाली."

जखमेची सूज उतरत होती. पडद्यावरून दिसत होतं की कडा लालसर, ओल्या न राहता कोरड्या होत आहेत. आम्ही हळूहळू हसायला लागलो. आणि ठरलेला पंधरवडा भरायला अजून बराच अवकाश असताना, एका सकाळी सर प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले. गाल रिकामा होता.

"संपला," ते म्हणाले.

"काय?"

"कडूपणा. रात्रीपासून लागत नाही."

आम्ही तसेच निघालो. केंद्रावर पोचलो तेव्हा डोंगरवार पडद्यासमोर उभे होते, आणि या वेळी ते काहीच थट्टा करत नव्हते. मॅडम पाय पसरून बसल्या होत्या आणि चाटत होत्या. मान न झटकता, न थांबता, पहिल्या दिवसासारख्या, अगदी तब्येतीत. जेलचे उरलेसुरले तुकडे जिभेबरोबर निघून येताना दिसत होते. आता हातात काही नव्हतं. तिसरी गुंगी द्यायची नव्हती, दुसरं जेल भरायचं नव्हतं.

"खाली काय आहे ते दिसू द्या फक्त," डोंगरवार पुटपुटत होते. "पाय हलव ना माय, जरा इकडे हलव."

मॅडमनी पाय हलवला. जिथे मी बोटभर खोल खड्डा पाहिला होता, तिथे गुलाबी, चकचकीत कातडी होती. एका कडेला थोडी चीर होती, तेवढीच. डोंगरवार मटकन खुर्चीत बसले.

"पाय राहिला," ते म्हणाले. "पण चालन का, उडी झेलन का, ते इथं नाही कळत. पिंजऱ्यात सगळेच चालतात. लंगडली तर परत आणाच लागन, अन् मग कायमची."

मधल्या काळात घरी एक गोष्ट घडली, म्हणजे घडली नाही. सासूबाईंनी पुन्हा पाला आणला तेव्हा मी हात जोडले. "मॅडमना लावलं तेवढं पुरे, आई. ओजस सोडेल तेव्हा सोडेल." त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी तो पाला धान्याच्या पिपात टाकला. ओजसने पुढे आपला आपणच सोडलं. एके दिवशी त्याला आठवण झाली नाही, एवढंच. त्या रात्री रडले ती मीच.

संत्र्यांचे ढीग रस्त्यावर दिसू लागले तेव्हा मॅडमना जंगलात नेलं. मोठ्या जंगलाच्या कडेला, कोरड्या नाल्याजवळ त्यांची पेटी उतरवली. आम्ही जरा दूर गाडीत बसलो होतो. सर पुढे, मी मागे. डोंगरवारांनी आमच्या गाडीच्या टपावरून दोर ओढला आणि पेटीचं दार वर गेलं.

मॅडम आल्या नाहीत. आत अंधारात दोन डोळे दिसत होते. बऱ्याच वेळाने डोकं बाहेर आलं, मग खांदे. दाराच्या चौकटीतच त्या बसल्या, डावा पाय पुढे घेतला आणि ती जागा चाटायला लागल्या. दुखत असेल का? चीर उकलली असेल का? त्यांनी ती जागा सावकाश, नीट चाटली. तिथे केस उगवले होते. ना कडू, ना औषध, ना अंड्याचं प्रथिन. माझ्या सहा वर्षांपैकी तिथे कणभरही उरलं नव्हतं. इतकं रिकामं होऊन इतका आनंद होतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मग त्या उठल्या. चार पावलं टाकली. लंगडल्या? मला वाटलं, लंगडल्या. डोंगरवारांचा श्वास टपावरून खालपर्यंत ऐकू येत होता. नाल्याच्या काठाशी त्या थांबल्या, अंग चोरलं आणि झेप घेतली. पलीकडचा काठ उंच होता. तिथे त्या उतरल्या त्या पुढच्या डाव्या पायावर, सगळा भार त्या पायावर, आणि तो पाय वाकलासुद्धा नाही. गवत हललं आणि थांबलं. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

टपावर डोंगरवार मोठमोठ्याने नाक शिंकरत होते. जीव न लागलेल्या माणसाला सर्दी झाली असावी.

मी सरांकडे पाहिलं. ते अजून गवताकडे बघत होते.

"एकच जनावर," ते म्हणाले. "एकच जखम. तुलनेला दुसरी नाही. दोन बदल एकदम केले. कडुलिंब पाट्यावरचा, त्याचं प्रमाण माहीत नाही." प्रत्येक वाक्यानंतर ते थांबत होते. "प्रबंधात घालता येणार नाही. कुठेच छापता येणार नाही."

"हो सर," मी म्हटलं. माझ्या प्रबंधात या गोष्टीचा एक शब्दही नाही. पुढे मी माणसांच्या औषधांची चांगली नोकरी न घेता जनावरांसाठीच जेल बनवत राहिले, तेव्हा मुलाखतींमध्ये लोक विचारत, या विषयाकडे कशा वळलात? दाखवायला माझ्याकडे एकही कागद नसे.

डोंगरवार टपावरून उतरले, पेटी गाडीवर चढली, चालकाने गाडी सुरू केली. आपल्याला जे ऐकायचं होतं ते आता ऐकायला मिळणार नाही, असं धरून मी खिडकीकडे वळले होते.

"पण हेमांगी," सर म्हणाले, "ती उडी मी पाहिली."

मी पुढच्या आसनावर कपाळ टेकलं आणि मनसोक्त रडले, आणि सरांनी मागे हात करून माझ्या डोक्यावर ठेवला.